चौदा इंच अस्तर

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कोणी नव्यानं सांगायला नको. बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. जनावरांवर कधी चिडले नाही, ती बिचारी बोलत नाहीत. चिडायचं ते माणसांवर. महिनाभर सुजलेला जबडा घेऊन येतात आणि सांगतात, कालच आलं बघा. मी सुरी हातात घेतली की विचारतात, "दुखेल का हो?" मी म्हणायचे, "कुणाला, तुम्हाला की गाईला?" मग पुढचं कोणी काही विचारायचं नाही. मला ते बरं वाटायचं. रांग पटापट सरकायची.

रिटायर व्हायला तीन महिने उरले होते तेव्हाची ही गोष्ट. आमचा मलमपट्टीचा माणूस, ड्रेसर, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेलेला, त्याच्या जागी कोणी आलेलं नव्हतं. म्हणजे दोर मी बांधायचा, सुई मी भरायची, शेण मी तुडवायचं आणि केसपेपरही मीच लिहायचा. संध्याकाळी घरी गेले की चपला काढायलासुद्धा वाकवत नसे.

अशाच एका मंगळवारी इंचबाई तिची गाय घेऊन आली. त्या दिवसाचं सतरावं जनावर.

इंचबाई म्हणजे दवाखान्यामागच्या गल्लीत कपडे शिवणारी बाई. साठीची असेल. गळ्यात कायम टेप, आणि कुठलीही गोष्ट इंचात सांगायची सवय. "दार तीन इंच उघडं राहिलंय," म्हणणार. सगळी गल्ली तिला इंचबाईच म्हणते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. माझे कामावरचे कोट वीस वर्षं तीच शिवते. त्या वेळीही एक नवा कोट तिच्याकडे टाकलेला होता, थंडीत घालायचा, अस्तर लावून. तीन महिन्यांसाठी नवा कोट कशाला, म्हणून नवऱ्यानं माझी भरपूर टर उडवली होती. पण जुन्याला असा काही वास यायला लागला होता, की तो घालून मी वाण्याकडे गेले तर वाणी दोन पावलं मागं सरायचा.

"डाव्या जबड्याखाली आलंय मॅडम," इंचबाई म्हणाली. "परवा अडीच इंच होतं, आज साडेतीन."

"टेप लावलीत?"

"लावली ना. उभं आणि आडवं, दोन्ही."

निदान ही खोटं तरी बोलत नव्हती.

जबड्याची सूज आली की एक गोष्ट आधी बघायची. गाठ कातडीखाली हलते का. हलली तर ती मांसातली. वाळक्या चाऱ्याचं कुसळ नाहीतर काटा गालात आतून रुततो, त्याचं गळू होतं. ते पिकू द्यायचं, फोडायचं, पू काढायचा, सुटलो. पण हलली नाही, दगडासारखी हाडाला धरून बसलेली असली, तर तो आजार हाडाचा. त्याला चाकू लावायचा नाही. शिरेतून औषध द्यायचं आणि वाट बघत बसायची. तेसुद्धा गाय गाभण असेल तर द्यायला हात धजत नाही, गर्भ पडायची भीती असते. आणि ही गाय सहा महिन्यांची गाभण होती.

मी गाठ चिमटीत धरली. हलली. मध्ये मऊ पडली होती, बोटानं दाबलं की आत पाणी हलल्यासारखं लागत होतं. सुई घातली तर सिरिंजमध्ये पिवळा पू आला.

"पिकलंय," मी म्हटलं. "फोडते."

"मॅडम, दुख..."

मी नुसतं बघितलं. ती गप्प बसली.

डोकं खांबाला आवळून बांधलं, केस कातरले, बधिर केलं, आणि गाठीच्या सगळ्यात खालच्या कडेला चीर दिली. खालीच द्यायची, म्हणजे पू आपल्या वजनानं उतरतो. वाटीभर निघाला. वासानं मागची रांग पांगली. आत बोट घातलं तर पोकळी चांगलीच खोल होती. धुतली, आणि आता वात भरायची म्हणून पट्टीच्या डब्यात हात घातला तर डबा रिकामा.

ही वात म्हणजे औषधात भिजवलेली कापडाची पट्टी. ती पोकळीत भरून ठेवली की जखमेचं तोंड लगेच मिटत नाही, आणि आतला उरलासुरला पू वाहून जातो. तिसऱ्या दिवशी ओढून काढायची. माझा नियम असा, की वात एकच, लांब, आणि तिचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं. दोन लागल्या तर गाठ मारून एक करायच्या. या एका गोष्टीवरून ड्रेसरला मी किती वेळा फैलावर घेतलंय याचा हिशोब नाही. "आत काय राहिलं ते गाय सांगायला येणार आहे का?" असं म्हणायचे.

रिकामा डबा बघून मी डोक्यात राख घालून घेतली. कपाटाला, वरच्या ऑफिसाला, ड्रेसरच्या गुडघ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. इंचबाईनं शांतपणे पिशवीतून पांढरं कापड काढलं.

"सुती आहे. धुऊन, उकळून घेतलंय, आटायला नको म्हणून. तुमच्याच कोटाचं अस्तर."

"फाडा."

"फाडत नाही मी कापड," ती म्हणाली आणि कात्री काढली. तिची ती नागमोडी दात्यांची कात्री, जिनं कापलं की धागे निघत नाहीत. "किती इंच?"

"अहो, द्या अंदाजानं."

"चौदा देते."

चौदा इंचाची पट्टी औषधात बुडवून मी आत भरली. पुरली नाही. "अजून एक," म्हटलं. तिनं तेवढीच दुसरी कापून दिली. ती पहिलीच्या खाली दाबत होते तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला. एका गोठ्यात म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता आणि फोनवरचा माणूस रडकुंडीला आला होता. मी दुसरीचं शेपूट दोन बोटं बाहेर सोडलं, इंजेक्शन टोचलं, गाडीला किक मारली आणि जाता जाता सांगितलं, "शुक्रवारी ओढून काढा. निघाली की पोटॅशच्या लाल पाण्यानं पिचकारी मारून धुवा. आठवडाभर."

शुक्रवारी तिचा फोन आला. मी तेव्हा एका बैलाच्या खुरात गुंतलेले.

"मॅडम, पट्टी निघाली. चौदा इंच, बरोबर."

"मापं घेत बसू नका. धुवा."

"धुते. आणि आतलं तसंच राहू द्यायचं ना?"

"हो हो, आतलं आपोआप भरून येतं. ठेवा."

पाच आठवड्यांनी तिनं पुन्हा निरोप पाठवला. या वेळी गाय घेऊन आली नाही. मलाच घरी बोलावलं, म्हणून दवाखाना आटोपून चालत गेले.

तिचं घर म्हणजे एक खोली आणि मागं गोठा. खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले कागदाचे नमुने, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव नाही तर खूण. माझ्या नमुन्यावर सुई काढलेली होती, इंजेक्शनची. मशीनवर मात्र चादर टाकलेली. मी विचारलं तशी म्हणाली, "डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचं काहीतरी आहे, बरं होणारं नाही म्हणतात. समोरचं मधलं दिसतच नाही, कडेचं दिसतं. तुमचा कोट शेवटचा. तो हातानं चाचपून शिवला."

"मग आता?"

"आता ही," तिनं गोठ्याकडे मान हलवली. "व्यायला दोन महिने आहेत. चांगलं दूध आहे तिला. धार काढायला डोळे लागत नाहीत."

म्हणजे तिचं सगळं म्हातारपण त्या गाईवर होतं. हे मला तेव्हा नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गोठ्यात तिचा धाकटा भाऊ उभा होता. शेजारीच राहतो, लाकडाच्या वखारीत कामाला आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठलीही गोष्ट लवकर मिटलेली हवी असते. त्या बाबतीत आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

गाईच्या जबड्याखाली त्याच जागी पुन्हा सूज होती. जखमेचं तोंड मिटून गेलेलं, वर गोळा. मी धरला. हलला नाही. सगळीकडून घट्ट, हाडाला चिकटलेला. सुई घातली तर काही येईना, नुसता रक्ताचा थेंब. खरं म्हणजे अशा वेळी तोंडात आडकाठी घालून दाढा बघायच्या असतात. आजार हाडाचा असला की दाढा हलायला लागतात. पण सकाळपासून वीस जनावरं झाली होती, खांदा भरून आला होता, आणि गाईच्या जबड्याशी एकटीनं झटापट करायची ताकद माझ्यात नव्हती. सरळ सांगते, कंटाळा केला.

"हाडाचं आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"म्हणजे वाढत जाणार. दाढा सैल होतील, चावता येणार नाही, खंगत जाईल. औषध आहे, पण ते दिलं तर वासराला धोका."

"म्हणजे गाय कामातून गेली."

मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे हो, हे दोघांनाही कळलं.

"ताई, तुला म्हणत होतो ना मी," भाऊ म्हणाला. "अजून अंगात मांस आहे तोवर भाकड जनावरं नेणाऱ्या गाडीवाल्याला बोलावतो. शुक्रवारी येतो तो. आजारी जनावराचं करायला तुझे डोळे आहेत का आता?"

इंचबाईनं गाईच्या गळ्याखालून हात फिरवला. "मॅडम म्हणतायत म्हणजे तसंच असणार," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, असं मला वाटलं. मी घड्याळ बघितलं. ती आत गेली आणि कागदात बांधलेलं एक पुडकं घेऊन आली. "तुमचा कोट. उरलंसुरलं सगळं आत आहे."

ते तिचं नेहमीचं. गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा ती ठेवून घेत नाही. बोटाएवढे तुकडे असले तरी घडी घालून परत देते.

घरी आले आणि पुडकं कपाटावर टाकलं. दोन दिवस ते तिथंच पडून होतं. गाईचा विचार येत होता, नाही असं नाही. पण इतकी दमलेली असायचे, की वाईट वाटायलासुद्धा त्राण नव्हतं. वाईट वाटणं उद्यावर टाकून मी झोपून जायचे.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेत होते. नवरा पोस्टातून रिटायर झाल्यापासून घरातली प्रत्येक बांधलेली वस्तू सोडून बघतो. त्यानं पुडकं सोडलं.

"अगं, कोट छान झालाय. आता तुझ्या निरोप समारंभाला हाच घाल. आणि हे काय? तुमच्या त्या बाईनं चिंध्यांनापण इस्त्री केलीय."

"ती करते तसं."

"चिठ्ठीपण आहे." त्यानं चष्मा वर केला. "केवढं मोठं अक्षर. 'अस्तर उरलं अठरा इंच. दोन पट्ट्या गाईला वापरल्या, माफी असावी. एक परत मिळाली, धुऊन ठेवली आहे. एक गाईत आहे.'"

मी कप खाली ठेवला.

"गाईत आहे म्हणजे?" नवरा विचारत होता. "ही जी इस्त्री केलीय ती गाईतून निघालेली आहे? शी, आणि मी हात लावला."

तो हात धुवायला गेला. मी ती पट्टी उचलली. पांढरी स्वच्छ, कडांना नागमोडी दाते, एका टोकाला औषधाचा पिवळट डाग राहिलेला. चौदा इंच असणार. ती मापात चुकत नाही.

दोन भरल्या होत्या. गाठ मारली नव्हती. फोन वाजला आणि मी गाठ मारली नव्हती.

आता जे मनात आलं तेही सांगते, कारण ते आलंच होतं. मनात आलं, की गाडीवाला आज येणार आहे. गाय जाईल. गेलेल्या गाईचा जबडा कोण उघडून बघतंय? बाईला काही कळलेलं नाही, तिनं तर माफी मागितलीय. दोनच महिने राहिलेत. बत्तीस वर्षांत माझ्या हातून असं काही झालं, असं कोणाच्या तोंडून निघालेलं नाही, आणि आता जाता जाता त्या भावाच्या तोंडून गल्लीभर व्हायचं. शिवाय मी चुकत असले तर? हाडाचंच असलं आणि मी उगाच कापलं, तर गाय अजून लवकर जाईल आणि वर माझी शोभा.

आणि खूप दमले होते मी. हेही कारणच होतं.

"किती वाजले?" मी विचारलं.

"साडेनऊ. का गं, तोंड का उतरलंय?"

"माझी चूक झालीय," मी म्हटलं. हे वाक्य मी आमच्या घरात कधी उच्चारलं नव्हतं. नवरा टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. नंतर म्हणाला, "मग जा ना. काय बघत बसलायस... बघत बसलीयस." त्याचीही बोबडी वळली होती.

दवाखान्यातून सुरीचा डबा, चिमटे, लोखंडी आडकाठी, पोटॅशची पुडी घेतली आणि गल्लीत शिरले तेव्हा टेम्पो गोठ्याच्या तोंडाशी लागलेला होता. मागची फळी खाली टाकलेली. गाडीवाला दोर सोडत होता, भाऊ मागून ढकलत होता, आणि गाय चार पाय रोवून उभी होती. इंचबाई भिंतीला टेकून उभी होती. गळ्यात टेप नव्हती. तिला मी प्रथमच टेपशिवाय बघत होते.

"थांबा," मी म्हटलं. "गाय बांधा परत."

"आता काय मॅडम?" भाऊ म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना, हाडाचं म्हणून?"

"सांगितलं. न बघता सांगितलं. आत माझी पट्टी राहिलीय, असं मला वाटतं. चूक माझी आहे."

गाडीवाला हसला. भाऊ हसला नाही. "वाटतं म्हणजे? नक्की नाही?"

"नक्की नाही. दाढा बघू द्या. दाढा हलल्या तर मी बाजूला होते, तुम्ही गाय चढवा."

त्यानं बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "बांध."

भावानंच डोकं धरलं. मी आडकाठी घालून तोंड उघडलं, जीभ एका बाजूला ओढली आणि खालच्या डाव्या दाढांवर एकेक करून अंगठा दाबत गेले. पहिली घट्ट. दुसरी घट्ट. शेवटचीपर्यंत हात पोहोचवताना कोपरापर्यंत लाळ आली. सगळ्या पक्क्या. परवा हे केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

"हलत नाहीत," मी म्हटलं आणि आडकाठी काढून सुरीचा डबा उघडला.

बधिर केलं. जुन्या व्रणावरच चीर दिली, खालच्या बाजूला. कातडीखालचं मांस चामड्यासारखं झालेलं, सुरी करकरत होती. एक बोट आत गेलं. रक्त आलं, पू नाही. दीड बोट. तरी काही नाही. गाडीवाला म्हणाला, "मला पुढं दोन ठिकाणी जायचंय." एरवी सोडला नसता त्याला. सुरी अजून थोडी आत सरकवली आणि एकदम हात सैल पडला, पातं एका पोकळीत गेलं, आणि दह्यासारखा घट्ट पू बाहेर ढकलला गेला. म्हणूनच सुईत काही आलं नव्हतं. आत चिमटा घातला. काहीतरी निसरडं लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. धरून ओढलं.

ती आली. एकदम नाही, हळूहळू, गोळा झालेली, काळपट हिरवी. तिच्या कडांना नागमोडी दाते होते.

मी ती हातावर धरून उभी राहिले. गाडीवाल्यानं मागची फळी वर केली आणि साखळी अडकवली. टेम्पो गल्लीतून मागं मागं घेत गेला. भावानं गाईचं डोकं सोडलं नाही, पण दुसऱ्या हातानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाला, "ताई, राहिली गं गाय."

मी धुऊन काढलं, तीनदा. नवी वात भरली, एकच, लांब, शेपूट वीतभर बाहेर. माशा बसू नयेत म्हणून भोवती मलम लावलं. इंजेक्शन दिलं. मग तिथंच पालथ्या बादलीवर बसले.

इंचबाई जवळ आली. तिनं हात पुढं केला, मी पट्टी तिच्या हातात दिली. तिनं ती घाण बोटांनी सरळ केली आणि डोळे तिरके करून, कडेच्या नजरेनं, टोकापासून टोकापर्यंत वितीनं मोजली.

"चौदा," ती म्हणाली.

"बाई, तुम्हाला माहीत होतं एक आत आहे ते?"

"माहीत होतं की. चिठ्ठीत लिहिलं ना?"

"मग बोलला का नाहीत? परवा हाडाचं म्हटलं तेव्हा तरी?"

ती जरा गोंधळली. माझ्यावर आळ घ्यायला तिला जमत नव्हतं, हे दिसत होतं. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलीय. औषधात भिजवलेली ना ती. बाहेरची काढायची, आतली राहू द्यायची. अस्तर आतच राहतं, मॅडम. आयुष्यभर तेच केलं, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तरी फोनवर विचारलं होतं, आतलं तसंच राहू द्यायचं ना? तुम्ही हो म्हणालात."

म्हणाले होते. बैलाचा खूर मांडीवर घेऊन म्हणाले होते.

"आणि परवा?"

"परवा पण विचारणार होते." तिनं पट्टीची घडी घातली. "पण तुम्ही चिडता ना."

तिनं ते तक्रार म्हणून नाही सांगितलं. दार तीन इंच उघडं आहे म्हणावं, तसं सांगितलं. बत्तीस वर्षं रांग पटापट सरकली, ती अशी सरकली होती. तोंडात आलेले प्रश्न गिळून माणसं गाई घेऊन घरी गेली होती, आणि त्यांतल्या किती गाईंत माझं काय राहिलं, हे मला कधीच कळणार नव्हतं. मला रडू आलं. पुवानं भरलेले हात, डोळे पुसायचीसुद्धा सोय नव्हती. इंचबाईनं आपल्या पदरानं पुसले.

"आता विचारा," मी म्हटलं. "जे काय विचारायचं राहिलंय ते विचारा. मी बसलेय."

गाईनं वैरणीत तोंड घातलं होतं. एका बाजूनं, उजव्या बाजूनं, सावकाश चावत होती. इंचबाईनं खाली सांडलेली वैरण तिच्यापुढं सारली.

"इतके दिवस तिला दुखलं असेल का हो?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दुखलं असणार."